आठ चाळीसला लाईट आली

जालना, ६ जुलै २०२५

चि. शीतल,

तुझ्या एका प्रश्नामुळे हे पत्र लिहावं लागतंय. बावीस वर्षांत मी तुझ्या घरच्यांना एक ओळ लिहिली नाही, आणि प्रश्न दुसरा कोणताही असता तर आताही लिहिली नसती. तू विचारलंस, तुझ्या वडलांच्या, कल्याणच्या, हातून झालेला गुन्हा 'फेलनी' होता का. नसेल तर कोर्टातल्या जुन्या नोकराच्या नात्याने मी तसं लिहून द्यावं, म्हणजे कल्याणचा व्हिसा सोपा होईल आणि नोव्हेंबरात तुझ्या बाळंतपणाला तो अमेरिकेत तुझ्याकडे पोचेल.

फोनवर टाइप करणं मला येतं, पण त्यात माणूस विचार करण्याआधी पाठवून मोकळा होतो. म्हणून हाताने लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच.

आधी शब्दाचं सांगते. फेलनी हा आपल्या कायद्यातला शब्द नाही. आपल्याकडे गुन्हा दखलपात्र असतो किंवा अदखलपात्र, जामीन मिळण्याजोगा किंवा न मिळण्याजोगा, आणि कोणत्या कोर्टात चालणार हे ठरलेलं असतं. फेलनी इंग्लंडातून अमेरिकेत गेला. इंग्लंडने तो १९६७ साली टाकून दिला, अमेरिकेने ठेवला. तिकडे ज्या गुन्ह्याला वर्षाहून जास्त कैद होऊ शकते, तो ढोबळमानाने फेलनी.

औरंगाबादला एलएल.बी. करताना आमचे एक प्राध्यापक या शब्दावर पूर्ण तास बोलले होते. परीक्षेत तो येणार नव्हता, म्हणून अर्धा वर्ग उठून गेला. मी बसून राहिले. राजाने किंवा सरदाराने एखाद्याला जमीन कसायला द्यायची आणि त्याने त्याबदल्यात इमान राखायची शपथ घ्यायची, असा तो काळ. शपथ घेतलेल्याने इमान मोडलं तर ती फेलनी. शिक्षा म्हणजे जमीन परत. पुढे खून, दरोडा, जाळपोळ असे सगळे मोठे गुन्हे त्यात आले, कारण त्यांतही जमीन आणि चीजवस्तू जप्त व्हायची, आणि बहुतेकदा जीवही जायचा. शब्दाचं मूळ नक्की कशात आहे यावर पंडितांचं एकमत नाही. कोणी म्हणतात दगाबाज माणसासाठीच्या शब्दातून आला, कोणी म्हणतात पित्तासाठीच्या शब्दातून, म्हणजे आत कडू भरलेला माणूस.

आपल्या भागात त्याच्या जवळचा शब्द आहे संगीन. तुझे आजोबा, तातेराव, निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकले होते. संग म्हणजे दगड, आणि दगडासारखा जड तो संगीन, हे त्यांनीच मला सांगितलं. निकालाच्या दिवशी मी घरी आले तर तातेराव ओट्यावर बसून होते. त्यांनी एवढंच विचारलं, "संगीन हाये का गं?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. कल्याण आत असतानाच ते गेले.

आता तुझा प्रश्न. कल्याणला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४, भाग दोनखाली शिक्षा झाली. त्याला सदोष मनुष्यवध म्हणतात. मारायचा हेतू नव्हता, पण आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे ठाऊक होतं, असा त्याचा अर्थ. कमाल शिक्षा दहा वर्षं, त्याला तीन झाली. हेच जर ३०४ अ मध्ये बसलं असतं, म्हणजे हयगयीने मृत्यू, तर शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं आणि बहुधा काही महिन्यांवर भागलं असतं. फरक एकाच गोष्टीचा: ठाऊक होतं की विसरलं.

घटना तुला ठाऊक असेल, तरी कागदावर असू दे. हसनाबादच्या शिवारात आपली मोसंबीची बाग होती. रानडुकरं आणि रोही रात्रीत फळ पाडून जात, म्हणून कल्याणने कुंपणाला तार ओढून रात्री त्यात करंट सोडायला सुरुवात केली. बेकायदा होतं, आणि सगळं शिवार तेच करत होतं. १७ सप्टेंबर २००१ च्या सकाळी बागेचा बहार विकत घेतलेले जालन्याचे व्यापारी महेबूब बागवान फळ तोडायला आले. तारेला हात लागला आणि ते जागेवर गेले. तारेचा खटका सकाळी सहालाच पाडला होता, म्हणजे करंट बंद केला होता, असं कल्याणने कोर्टात सांगितलं. कोर्टाने ते मानलं नाही.

म्हणून, ती फेलनी नाही असं मी लिहून देणार नाही. तिकडच्या मोजमापाने ती फेलनीच आहे. फॉर्मवर 'होय' लिहा, निकालाची प्रमाणित प्रत जोडा आणि पुढचं त्यांच्यावर सोडा. खोट्या कागदावर मी आयुष्यात सही केलेली नाही.

तब्येतीला जप. लोखंडाच्या गोळ्या चुकवू नकोस.

तुझी आत्या,
संध्या

जालना, १९ जुलै २०२५

चि. शीतल,

तुझं उत्तर मिळालं. निकालाची अठ्ठावीस पानं तू एका सुट्टीच्या दिवशी वाचून काढलीस आणि मला उलट प्रश्न केलास. तू विचारतेस: न्यायाधीश म्हणतात की लाईट सकाळी पाच दहाला गेली आणि आठ चाळीसला आली. खटका सहाला पाडला होता हे आरोपीचं म्हणणं खरं धरलं, तर आठ चाळीसनंतर तो कोणीतरी परत वर केला असला पाहिजे. पंचनाम्याच्या वेळी खटका खाली होता, म्हणजे माणूस मेल्यावर तो पुन्हा पाडला गेला. शेतावर कर्ता पुरुष एकटा आरोपी होता. तेव्हा दिवसाउजेडी, बागेत माणसं आलेली असताना, त्याने जाणूनबुजून करंट सोडला आणि आता तो खोटं बोलतो आहे. आणि पप्पा म्हणतात, मी खटक्याला हात लावला नाही. मग कोणी लावला?

चोवीस वर्षांनी असले प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. न्यायाधीशांसमोर जो पुरावा आला त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला. वीज मंडळाच्या उपकेंद्राची नोंदवही त्यांच्यासमोर होती, ती खोटी नव्हती. आदल्या दिवशी तोडणीच्या तारखेवरून महेबूबभाई आणि कल्याणची बोलाचाली झाली होती, तीही साक्षीत आली. बचावाच्या वकिलांनी मयताचाच दोष दाखवायचा प्रयत्न केला, की कुंपणाच्या तारेला न विचारता हात लावणारा माणूस स्वतःच बेफिकीर. तो टिकला नाही. मी बत्तीस वर्षं कोर्टात होते. कागदावर जे असतं त्यावर निकाल होतो, आणि तसंच असायला पाहिजे.

तू विचारलंस मी तिथे होते का. मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी सोमवारी आली होती, शनिवार-रविवार धरून मी गावी गेले होते. पोलिसांना मी जबाब दिला होता. एक ओळीचा. स्वयंपाकघरात होते, मला काही माहीत नाही. साक्षीला मला कोणी बोलावलं नाही.

काळ्या रानातून विहिरीपर्यंत जायचं म्हणजे पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. तुझ्या आजीने, गोजरबाईने, मला सहाच्या सुमारास उठवलं तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. हे मी का लिहिते आहे ठाऊक नाही. याचा तुझ्या प्रश्नाशी संबंध नाही.

फॉर्म पुढच्या महिन्यात भरायचा आहे ना. मी सांगितलं तसा भर.

संध्याआत्या

जालना, ३ ऑगस्ट २०२५

शीतल,

मागचं पत्र फोनमधून काढून टाक. त्यातलं 'याचा तुझ्या प्रश्नाशी संबंध नाही' हे वाक्य खोटं होतं.

मागच्या पत्राला तू काहीच उत्तर दिलं नाहीस. रागाचं दिलं असतंस तर मी त्यापेक्षा रागाचं परत पाठवलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पंधरा दिवस थांबले. काल सकाळी बसून पहिल्या पत्राचा फोटो पुन्हा वाचला आणि 'खोट्या कागदावर मी आयुष्यात सही केलेली नाही' या ओळीपाशी थांबले. पोलिसांच्या त्या एका ओळीखाली माझी सही आहे.

क्रमाने लिहिते.

रात्री करंट सोडला की पहाटे जो आधी उठेल त्याने विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन तारेचा खटका पाडायचा, अशी आपल्या शेतातल्या घरी रीत होती. त्या दिवशी कल्याण डेअरीला दूध घालायला गेला होता. गोजरबाई म्हणाली, "संध्या, ऊठ. खटका पाडून ये. महेबूबची माणसं येतील आज." मी निघाले. गोठ्यातला बल्ब रात्रभर चालू असायचा, तो विझलेला होता. लाईट गेली होती. पुढे सगळा चिखल, आणि पायात कोर्टात घालायची चप्पल. लाईटच नाही तर तारेत काय येणार, असं म्हणून मी गोठ्यापासून परत फिरले. आपल्याकडे सगळे असंच करतात. लाईट गेली की चालू असलेला पंखा, दिवा, मोटार, कोणी बंद करत नाही. गेलेली लाईट म्हणजे बंद बटन, अशी आपली समजूत. मी कायद्याची पदवीधर होते, पण सवय शेजारपाजाऱ्यांचीच.

साडेआठच्या सुमाराला महेबूबभाईंचा टेम्पो आला. त्यांचा स्वभाव थट्टेखोर. मला ते वकीलीनबाई म्हणत, आणि मी वकील नाही, कारकून आहे, असं मी दर खेपेला सांगत असे. त्या दिवशी बांधावरूनच ओरडले, "वकीलीनबाई, कोर्ट को छुट्टी, आप को छुट्टी. हम गरीबां को कब छुट्टी मिलेंगी?"

मी म्हटलं, "तोडणी झाल्यावर. आधी फळ उचला, कल्याण तापलाय कालपासून."

"तापने दो. मोसंबी खिलाता मैं उसको, थंडा पड़ जाता." मग तारेकडे बोट करून त्यांनी विचारलं, "अक्का, करंट बंद है ना?"

मी दारातून उत्तर दिलं, "सकाळपासून लाईटच नाही."

ते खरं होतं. त्यांनी खटक्याबद्दल विचारलं नाही, कारण ते माझ्याशी बोलत होते. माझं उत्तर त्यांना पुरलं. त्यांची माणसं अजून टेम्पोतून क्रेट उतरवत होती, त्यांच्यातल्या कोणाला हे ऐकू गेलं नाही. ते एकटे पुढे गेले.

मी चहा टाकला. थोड्या वेळाने विहिरीवरची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मोटारीला ऑटो लावलेला होता, लाईट आली की ती आपोआप चालू व्हायची. बरं झालं, पाणी आलं, असं माझ्या मनात आलं. एवढंच आलं. तार आठवली नाही. माणसं बोंबलायला लागली तेव्हा आठवली. मी त्याच चिखलातून धावत गेले आणि खटका पाडला; सगळे तारेकडे धावत होते, मला कोणी पाहिलं नाही. पंचनाम्यात जो खाली सापडला तो मी पाडलेला.

माणसांचा गराडा पडला होता. कल्याण गोठ्याकडून धावत आला होता, महेबूबभाईंची छाती दाबत होता. गोजरबाईने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पाडला होता ना सकाळी?" मी म्हटलं, "हो." कल्याणने ऐकलं.

तो 'हो' मी घाबरून म्हटला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो मागे घेता आला असता. पोलीस आले तेव्हाही घेता आला असता. पण वकील घरी आले आणि म्हणाले, खटका सकाळी पाडला होता हे आपलं म्हणणं, आणि ताईंची सरकारी नोकरी आहे, तर त्यांचं नाव नको, पाडला तो कल्याणने असं म्हणू. कल्याणने लगेच मान डोलावली. त्याला वाटलं तो फक्त माणूस बदलतो आहे, गोष्ट खरी आहे.

ही गोष्ट खोटी आहे हे फक्त मला ठाऊक होतं. आणि उपकेंद्राची नोंदवही कोर्टात दाखल झाली त्या दिवशी मला आणखी एक कळलं, जे कल्याणला आणि वकिलांना कळायला निकालापर्यंत वेळ लागला. खटका पाडायचा राहून गेला असेल तर ती हयगय. खटका पाडून परत वर केला असेल तर ते ठाऊक असणं. माझ्या 'हो'ने ३०४ अ चा ३०४, भाग दोन झाला. मी उठून उभी राहिले असते तर त्याच्यावरचा दोष तार ओढण्यापुरता उरला असता, आणि विसरणारी मी म्हणून आरोपी मी झाले असते. नोकरी गेली असती. जास्तीत जास्त दोन वर्षं. मी त्या वेळी बेचाळीस वर्षांची होते, लग्न केलेलं नव्हतं, नोकरी हेच माझं घर होतं. हे कारण आहे, सबब नाही. वाचताना दोन्ही सारखंच दिसेल, ते मी तुझ्यावर सोडते.

हर्सूलच्या जेलमध्ये मी त्याला एकदाच भेटले. त्याने जाळीतून विचारलं, "अक्का, खटका पाडला होता ना?" मी म्हटलं, "मी कोर्टात नोकरी करते, कल्याण. मी खोटं बोलेन का?" तो म्हणाला, "न्हाई." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी सगळ्यांना सांगत आले की बहीण कोर्टात असून सोडवू शकली नाही, याचा त्याला राग आहे.

तुझा मी इमान मोडण्यावर तास घेतला. ज्याच्याशी मोडलं त्याने माझ्याकडून शपथ घेतली नव्हती. एक प्रश्न विचारला होता.

आता फॉर्मचं. तो भरायच्या आधी मला काही कागद करावे लागतील. वकिलांची वेळ घेतली आहे. तुझ्या वडलांना यातलं काही सांगू नकोस. ते मी तोंडाने सांगणार.

संध्या

जालना, २४ ऑगस्ट २०२५

शीतल,

काम झालं. जे घडलं ते सांगते, मत देत नाही.

वकील म्हणाले, शिक्षा भोगून संपलेली आहे, तरी उच्च न्यायालयात उशीर माफ करण्याच्या अर्जासह अपील करून बघता येईल. वर्षं लागतील आणि खात्री नाही. नोव्हेंबरच्या आत काही होणार नाही. फॉर्मवर 'होय'च लिहावं लागेल, सोबत माझं प्रतिज्ञापत्र जोडता येईल. त्याने फरक पडेल की नाही, हे ते सांगू शकले नाहीत. कल्याण तुझ्याकडे वेळेवर पोचेल असं मी तुला म्हणू शकत नाही. माझ्यावर काय होऊ शकतं तेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून मी सही केली.

बुधवारी बदनापूरला कल्याणकडे गेले. वीस मिनिटांचं अंतर, बावीस वर्षं लागली. तो रोपवाटिकेत बसून खुंटावर मोसंबीच्या कलमाचा डोळा बांधत होता. मला बघून उठला नाही, गोणपाट पुढे सरकवला. मी बसले आणि सांगितलं. जेवढं तुला लिहिलं तेवढंच, त्याच क्रमाने. त्याचे हात थांबले नाहीत. माझं संपलं तेव्हा त्याची चार रोपं बांधून झाली होती.

मग म्हणाला, "तू मला त्याच दिवशी सांगितलं असतं, तरी मी माझंच नाव दिलं असतं."

मी म्हटलं, "तसं करू दिलं नसतं मी."

"आता नको बोलू तसं. तवा तर करू दिलंच." पट्टी दाताने तोडून त्याने पाचवं रोप उचललं. "तीन वर्षाचं मला काई न्हाई वाटत, अक्का. तार मीच वढली व्हती, माणूस गेल्ता. आत जायाचंच व्हतं मला. पण जजसाहेबानं लिवलंय का आरोपी खोटं बोलून राह्यला. बाप तेच ऐकून मेला. अन् मी तर खोटं बोलतच नव्हतो. तुझं खरं धरून बोलून राह्यलो व्हतो."

त्याने पाचव्या खुंटात डोळा बसवला.

"जेलातबी मी हिशेब लावायचो. खटका पडलेला, लाईट आलेली, मंग वर केला कोनी? मायवर संशय घेतला मी. कडूबा चुलत्यावर घेतला, त्याच्या घरचं पानी प्यायचं सोडलं सुटून आल्यावर. तुझ्यावर न्हाई घेतला. तू म्हनली व्हतीस ना, कोर्टात हाये म्हनून."

"मग माझ्याशी बोलणं का टाकलंस?"

"तुला बघितलं का तोच सवाल तोंडावर येयाचा. अन् एकदा तू जवाब देल्ता. परत इचारनं म्हंजी तुला खोटं ठरवनं."

आपण दोघी, शीतल, याला राग समजत होतो.

तुझ्या आईने चहा आणला. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, ती माझ्या पाया पडायला वाकली. कल्याण म्हणाला, "राहू दे." तिने कप ठेवले आणि ती आत गेली. चहा मी घेतला, त्यानेही घेतला. निघताना तो म्हणाला, "महेबूबच्या घरी गेल्ती का?" मी सांगितलं, शनिवारी जाणार. "एकटीच जा. मी आलो तर त्याच्या बायकोला वाटंल का मी तुला धरून आनलं." मग, "तिनं काई बी बोललं तरी ऐकून घे. उठून येऊ नको."

महेबूबभाईंच्या पत्नी अजीजुन्निसाबाई जालन्यात मुलाकडे राहतात. मुलगा आमेर फळाच्या आडतीवर असतो, त्या वेळी घरी नव्हता. दार नातीने उघडलं, तिचं नाव कशफ, अकरावीत आहे. मी कोण ते सांगितल्यावर बाईंनी मला बसा म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. मी उभ्यानेच प्रतिज्ञापत्र पुढे केलं. त्यांना मराठी वाचता येत नाही. कशफने वाचायला घेतलं.

चार पानं आहेत. तिसऱ्या पानावर त्यांनी तिला थांबवलं. "वो फिरसे पढ़."

कशफने परत वाचलं: मयत महेबूब यांनी तारेला हात लावण्यापूर्वी मला, करंट बंद आहे ना, असे विचारले होते.

"फिरसे."

तिने तिसऱ्यांदा वाचलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "पूछा था उसने?"

मी म्हटलं, "हो. विचारलं होतं."

"तुमारे भाई का वकील कोर्ट में बोला, बगैर पूछे तार को हात लगानेवाला आदमी. बेफिकीर बोला. पेपर में आया वो. मेरे आमेर को स्कूल में पोरं चिडवायची, तेरा बाप अंधा था क्या. चार महिने गेला नाही शाळेत, मग सुटलीच शाळा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. रडत नव्हत्या. "तुम वहीं बैठे थे ना कोर्ट में? वो बोला तब?"

"त्याच इमारतीत. वरच्या मजल्यावर. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"अच्छा."

मग त्यांनी कशफला बाकीचं वाच म्हणून सांगितलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, माझ्या सहीपर्यंत. कल्याणने सांगितलं होतं की उठून येऊ नको, पण मला कोणी बसायलाच सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले. त्या म्हणाल्या की कागद त्यांच्याकडे राहू द्यावा, आमेर आला की त्याला दाखवतील, आणि पुढे काय करायचं ते आमेर ठरवील. मी म्हटलं, कागद तुमचाच आहे, आणि तो जे करेल ते योग्य असेल. त्या म्हणाल्या, "योग्य-अयोग्य तुम मत बताओ."

बरोबर होतं.

तुझा फॉर्म कल्याण तुला फोन करून भरून घेईल. पहिल्या पत्रातला शब्दाचा अर्थ चुकीचा नाही, तो तसाच धर. तो शब्द ज्याच्या नावापुढे लिहिला गेला ते नाव चुकलं होतं.

दिलेल्या कागदांची नोंद खाली करते. एक प्रत तुझ्याकडे असावी.

१. माझं प्रतिज्ञापत्र, पानं चार, मूळ. वकिलांकडे दिलं, अपिलासोबत जोडण्यासाठी. दि. १८ ऑगस्ट. पोच घेतली.

२. त्याची साक्षांकित प्रत, संबंधित पोलीस ठाण्यात. दि. १९ ऑगस्ट. आवक क्रमांक टाकून शिक्का घेतला. ठाणे अंमलदारांनी दोनदा विचारलं की हे मी स्वतःविरुद्ध देते आहे का. होय म्हणून सांगितलं.

३. साक्षांकित प्रत, कल्याण तातेराव पुंगळे, बदनापूर, हातोहात. दि. २० ऑगस्ट. त्याने सही केली. सहीखाली 'वाचलं' असं लिहिलं.

४. निकालाची प्रमाणित प्रत, पानं अठ्ठावीस, आणि तिचं मी केलेलं इंग्रजी भाषांतर, फॉर्मला जोडण्यासाठी, कल्याणकडे. दि. २० ऑगस्ट. भाषांतरात एकही शब्द सौम्य केलेला नाही.

५. साक्षांकित प्रत, श्रीमती अजीजुन्निसा महेबूब बागवान, जालना. दि. २३ ऑगस्ट. नात कशफ हिने वाचून दाखवली. पोच म्हणून त्यांनी उर्दूत लिहिलं: कागद मिळाला. खाली सही. याखेरीज त्यांनी काही लिहून दिलं नाही, आणि मी मागितलं नाही.

संध्या तातेराव पुंगळे